डीएनएसच्या दोन चौकटी

राउटरच्या सेटिंगच्या पानावर 'प्रायमरी डीएनएस' आणि 'सेकंडरी डीएनएस' अशा दोन छोट्या चौकटी असतात. संकेतस्थळाच्या नावाचा पत्ता कुणाला विचारायचा ते त्यांत लिहायचं; प्रत्येकीत चार आकड्यांचा एक पत्ता बसतो. मी मंद्रूप आणि आसपासच्या गावांत कॉम्प्युटर-नेटवर्किंगची कामं करतो, आणि लहान ऑफिसातली सगळ्यात दुर्लक्षित जागा कोणती असं कुणी विचारलं तर मी याच चौकटींकडं बोट दाखवीन. लाइन टाकून देणारा मुलगा त्यात काहीतरी भरून जातो किंवा त्या रिकाम्या सोडतो. पुढं कधी बिघाड झाला की दुसरा कुणी येऊन आकडे बदलतो. ज्यांचं ऑफिस आहे, ज्यांचं रोजचं काम त्या आकड्यांवर चालतं, त्यांना अशा चौकटी असतात हेच ठाऊक नसतं. मला हे मनापासून खटकतं.

मंद्रूप हे दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, सोलापूर-विजयपूर रस्त्यावरचं बाजाराचं गाव. एका अंगाला सीना, दुसऱ्या अंगाला भीमा, आणि भीमा ओलांडली की कर्नाटक. दुकानात, ऑफिसात मराठी आणि कन्नड दोन्ही बोललं जातं. बोलता बोलता माणसं एकीतून दुसरीत जातात. इथं अप्पर तहसील कार्यालय आहे, त्यामुळं निंबर्गी, भंडारकवठे, कंदलगाव या बाजूची माणसं दाखले, उतारे, फेरफार अशा कामांना येतात. त्या कामांच्या आधारानं ऑनलाइन फॉर्म भरणारी, टायपिंगची, हिशेबाची लहान लहान ऑफिसं उभी राहिली आहेत. चार-सहा कॉम्प्युटर, त्यातल्या एकावर टॅलीचा डेटा, एक प्रिंटर, अंगठा घ्यायचं मशीन, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, आणि कोपऱ्यात भिंतीला लटकलेला राउटर. हे माझं रोजचं जग.

खरीप पीकविम्याची मुदत साधारणपणे ३१ जुलैला संपते. त्या आधीच्या आठवड्यात या ऑफिसांच्या दारात चपलांचा ढीग असतो. कुणाच्या हातात आधार कार्ड, कुणाच्या हातात पासबुक, कुणाचा पीकपेरा अजून लिहायचाच राहिलेला. अशाच एका दुपारी हिशेबाच्या एका ऑफिसातून बोलावणं आलं. मालकांना सगळे अण्णाच म्हणतात. मी पोचलो तेव्हा अण्णा लाइनवाल्याशी फोनवर बोलत होते आणि पलीकडून तो लाइन बरोबर असल्याचं सांगत होता. फॉर्म भरणाऱ्या ताईंनी मोबाइल माझ्यासमोर धरला.

"दादा, ह्याच वायफायवर व्हॉट्सॲप येतंय बघा. मग साइटच कशी उघडंना झालीय?"

प्रश्न अगदी नेमका होता. मी त्यांच्याच कॉम्प्युटरवर कमांडची काळी खिडकी उघडली आणि गुगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग लावलं. एकामागून एक उत्तरं येऊ लागली, वेळही चांगली होती. मग त्याच खिडकीत आकड्यांऐवजी एका सरकारी संकेतस्थळाचं नाव लिहिलं. थोडा वेळ काहीच नाही, आणि मग होस्ट सापडत नसल्याचा निरोप. म्हणजे वायर शाबूत होती, डबा शाबूत होता, बाहेर जायचा रस्ता मोकळा होता. फक्त नाव दिलं की त्याचा पत्ता मिळत नव्हता. व्हॉट्सॲपची जोडणी आधीच झालेली होती, ती तशीच पुढं चालली होती. नवीन साइट उघडायची तर आधी तिचा पत्ता विचारावा लागतो, आणि राउटर ज्याला विचारत होता तो उत्तरच देत नव्हता. मी राउटरमधल्या दोन्ही चौकटी बदलल्या, राउटर पुन्हा सुरू केला, आणि ताईंच्या पडद्यावर लॉगिनचं पान आलं. दारातली रांग पुढं सरकली.

काम झालं होतं, पण मी लगेच उठलो नाही. ताईंना तेच दोन पिंग स्वतःच्या हातानं मारायला लावले. पहिला आकड्यांना, दुसरा नावाला. दोन्ही गेले नाहीत तर लाइनवाल्याला फोन. पहिला गेला आणि दुसरा अडला तर दोष डीएनएसचा. एवढं ज्याला कळलं त्याला फोनवर कुणी टोलवू शकत नाही. ताईंनी ते वहीत लिहून घेतलं, शेजारी राउटरच्या चौकटीत भरलेला ९.९.९.९ हा पत्ताही.

नावाचा पत्ता सापडतो कसा, हे मी जमेल तिथं सांगतो, कारण ते ऐकताना माणसं खरोखर रमतात. समजा महाराष्ट्र शासनाचं एखादं पान उघडायचंय. आपला कॉम्प्युटर राउटरला विचारतो, राउटर चौकटीत लिहिलेल्या रिझॉल्व्हरला, म्हणजे नावांचे पत्ते शोधून देणाऱ्या सर्व्हरला. त्याच्याकडं उत्तर ताजं नसेल तर तो सगळ्यात वरच्या मूळ सर्व्हरकडं जातो. या मूळ सर्व्हरांची ए ते एम अशी तेरा नावं आहेत आणि एकेका नावामागं जगभर पसरलेल्या अनेक प्रती. मूळ सर्व्हर सांगतो, 'डॉट इन' वाल्यांना विचार. डॉट इनची नोंद निक्सी ही संस्था सांभाळते. तिथून 'जीओव्ही डॉट इन', ज्याचं काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडं. असं एकेक पायरी उतरत शेवटी आकडे हातात येतात, आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. मिळालेलं उत्तर किती सेकंद जपून ठेवायचं तेही सोबत लिहून येतं. कुणाचं ३००, कुणाचं ८६४००. म्हणूनच एखाद्या पोर्टलनं सर्व्हर बदलला की काही काळ शेजारच्या दुकानात ते उघडतं आणि आपल्याकडं उघडत नाही. आपल्याकडं जुनं उत्तर अजून शिल्लक असतं.

ही व्यवस्था येण्याआधी अमेरिकेतल्या अर्पानेटवर सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाइलीत असत. ती फाइल कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळत असे. नवीन यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं, ते यादीत भरणार, आणि सगळ्यांनी ती यादी पुन्हा उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तशी ही पद्धत कोलमडू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली, आणि नोव्हेंबर १९८७ मधल्या १०३४ आणि १०३५ क्रमांकांच्या आरएफसींवर, म्हणजे इंटरनेटच्या रीती लिहिलेल्या दस्तऐवजांवर, आजचं काम उभं आहे. एकाच ठिकाणची यादी फोडून ज्याची त्याची जबाबदारी ज्याच्या त्याच्याकडं देणं, ही त्यातली कल्पना मला फार मोठी वाटते.

ती जुनी फाइल मात्र गेलेली नाही. विंडोजच्या पोटात 'होस्ट्स' नावानं ती आजही बसलेली आहे, आणि तिच्यात जे लिहिलंय ते कॉम्प्युटर डीएनएसच्या आधी मानतो. एका ऑफिसात एकाच मशीनवर एकच पोर्टल उघडत नव्हतं. बाकी सगळी मशीन्स ठीक. ब्राउझर बदलून झाला होता, अँटिव्हायरस काढून झाला होता, विंडोज नव्यानं टाकायची तयारी चालली होती. होस्ट्स फाइल उघडली तर तळाशी त्या पोर्टलचं नाव आणि पुढं एक पत्ता. कधीतरी डीएनएस अडला असताना कुणीतरी काम भागवायला तो हातानं लिहिला असणार. पुढं पोर्टलनं जागा बदलली आणि हे मशीन जुन्याच दारावर थाप मारत राहिलं. ती एक ओळ पुसली, झालं.

लहान ऑफिसात सगळ्यात जास्त आढळणारा घोटाळा मात्र दोन राउटरांचा. लाइनवाल्याचा डबा एका टोकाला, आतल्या खोलीत वायफाय पोचत नाही, म्हणून बाजारातून दुसरा राउटर आणला जातो. वायर त्याच्या पाठीमागच्या कुठल्याही भोकात खोचली जाते. नेट येतं, सगळे खूश. पण आता पत्ते वाटणारे दोघं झाले. कॉम्प्युटर सुरू झाला की तो मोठ्यानं विचारतो, मला पत्ता कोण देतं? जो आधी उत्तर देईल त्याचं तो ऐकतो, आणि पत्त्यासोबत बाहेरचा दरवाजा कोणता नि डीएनएस कोणता हेही त्याच्याकडूनच घेतो. म्हणून सकाळी जे मशीन चालत होतं ते दुपारी वीज जाऊन आल्यावर चालत नाही, आणि प्रिंटर अर्ध्यांना दिसतो, अर्ध्यांना नाही. इथं डीएनएसचे आकडे कितीही वेळा बदला, काही होत नाही. दुसऱ्या राउटरमधली पत्ते वाटायची सोय, म्हणजे डीएचसीपी, बंद करायची, त्याला त्याच जाळ्यातला वेगळा पत्ता द्यायचा आणि वायर लॅनच्या भोकात. पत्ते वाटणारा ऑफिसात एकच असला पाहिजे. टॅलीचं मशीन आणि प्रिंटर यांचे पत्ते मी त्या एकाच राउटरात राखून ठेवतो, म्हणजे ते रोज बदलत नाहीत.

डीएनएस प्रत्येक कॉम्प्युटरवर हातानं लिहायचा की राउटरवर, यावर आमच्या धंद्यात मतभेद आहेत. मी राउटरच्या बाजूचा, आणि त्याला कारण आहे. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला मोठा पूर आला. गावं पाण्यात गेली, सोलापूर-विजयपूर रस्त्यावरची वाहतूक थांबली. त्या दिवसांत नेटची केबल बंद पडली म्हणून एका ऑफिसानं मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं. मोबाइलवर नेट होतं, त्याच हॉटस्पॉटवर कॉम्प्युटर मात्र ढिम्म. बाहेर पुराच्या पाण्यातली माणसं पंचनाम्याचे कागद घेऊन येत होती, आणि आत चालू नेट असून काम होत नव्हतं. कारण असं की त्या कॉम्प्युटरांवर कुणीतरी केबलवाल्या कंपनीच्या रिझॉल्व्हरचे आकडे कायमचे लिहून ठेवले होते, आणि असे रिझॉल्व्हर बहुधा आपल्याच ग्राहकांना उत्तर देतात. मोबाइलच्या वाटेनं आलेला प्रश्न त्यांच्या दाराशी नाकारला जात होता. मी सगळ्या मशीनवर 'आपोआप घ्या' असं केलं आणि कामं सुरू झाली. कॉम्प्युटरनं आपल्या राउटरला विचारावं, राउटरनं पुढचं बघावं. लाइन बदलली तरी बदल एकाच ठिकाणी करावा लागतो.

राउटरात कुणाचे आकडे भरायचे, हा पुढचा प्रश्न. लाइनवाल्या कंपनीचा रिझॉल्व्हर जवळ असतो, चांगला चालत असेल तर त्यात वावगं काही नाही. गुगलचा ८.८.८.८ डिसेंबर २००९ पासून आहे, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा १ एप्रिल २०१८ पासून. माझी निवड क्वाड-नाइन: ९.९.९.९ आणि जोडीला १४९.११२.११२.११२. फसवणुकीच्या म्हणून ओळखल्या गेलेल्या नावांना तो उत्तरच देत नाही. जिथं दिवसभर अनोळखी माणसांचे आधार आणि बँकेचे तपशील हाताळले जातात तिथं हा आडोसा असलेला बरा. पण मग दोन्ही चौकटींत त्याचेच पत्ते हवेत. पहिल्यात गाळणारा आणि दुसऱ्यात न गाळणारा असं केलं तर गाळणी असून नसल्यासारखी. दुसरी चौकट फक्त पहिली बंद पडल्यावरच वापरली जाते असा समज आहे, तो खरा नाही. काही यंत्रं दोघांना एकदमच विचारतात, काही आलटून पालटून.

विजेचं सांगितल्याशिवाय हे लिखाण पुरं होणार नाही. आमच्याकडं वीज जाते, येते, पुन्हा जाते. एका ऑफिसात डीएनएसचे प्रश्न कुलूपबंद करून, म्हणजे एन्क्रिप्ट करून, पाठवायची सोय असलेला राउटर बसवलेला होता. वीज आली की नेट काही केल्या सुरू होईना, आणि मग कुणीतरी सेटिंगमध्ये खटपट केली की होई. लॉग उघडला तेव्हा प्रत्येक ओळीवर तारीख होती १ जानेवारी १९७०. बहुतेक लहान राउटरांत घड्याळ चालू ठेवणारा सेल नसतो. वीज गेली की त्यांची वेळ शून्यावर येते आणि सुरू झाल्यावर ते इंटरनेटवरून वेळ मागतात. इथं वेळ देणाऱ्या सर्व्हरचं नाव लिहिलेलं होतं. त्या नावाचा पत्ता हवा, म्हणून डीएनएसला विचारायचं. डीएनएसकडं कुलूपबंद वाटेनं जायचं तर समोरच्याचं प्रमाणपत्र तपासायचं, आणि १९७० सालच्या घड्याळाला ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच न आलेलं दिसणार. वेळेशिवाय नाव नाही, नावाशिवाय वेळ नाही. तो लॉग वाचताना मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. इतका सरळ आणि इतका पक्का तिढा क्वचित सापडतो. वेळेच्या सर्व्हरच्या जागी नावाऐवजी आकडे लिहिले आणि गाठ सुटली.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट दिसली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरच्या बोर्डावर होते आणि राउटरचा ॲडॅप्टर मात्र साध्या बोर्डावर. वीज गेली तरी कॉम्प्युटर चालू, राउटर बंद. तेव्हापासून मी कुठल्याही ऑफिसात आधी ॲडॅप्टरच्या वायरमागं डोळे फिरवतो. राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावला तर उत्तमच.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला घेतलं ती. एका ऑफिसात नेट हळू चालतंय म्हणून बोलावलं होतं. राउटरचं पान उघडलं, पासवर्ड कंपनीनं खाली चिकटवलेला तोच. बाहेरून राउटर उघडण्याची सोयही चालू. आणि पहिल्या चौकटीत एक पत्ता, जो ना लाइनवाल्याचा होता, ना कुठल्या ओळखीच्या रिझॉल्व्हरचा. तो कुणी लिहिला, कधी लिहिला, कुणालाच सांगता येईना. ऑपरेटर मुलगा म्हणाला, "बँकेच्या साइटला मधेमधे लाल पान येतंय की सर, आम्ही 'पुढं जा' दाबतो." तेरामैलाच्या थांब्यावर उतरलेल्या परक्या माणसानं घर विचारावं आणि सांगणाऱ्यानं मुद्दाम भलत्याच घरात धाडावं, तसा हा प्रकार. नाव बरोबर लिहिलं, पान ओळखीचं दिसलं, पण आपण दुसऱ्याच्याच दारात. सुदैवानं पैसे गेलेले नव्हते. राउटर मुळापासून रिकामा केला, त्याची प्रणाली अद्ययावत केली, पासवर्ड बदलला, बाहेरची वाट बंद केली. बँकेचे आणि पोर्टलांचे सगळे पासवर्ड वेगळ्या नेटवरून बदलायला लावले. आणि त्या मुलाला बसवून सांगितलं की लाल पान आलं की हात थांबवायचा, तिथं पुढं जायचं नसतं.

हे जगात मोठ्या प्रमाणावर घडून गेलंय. डीएनएसचेंजर नावाच्या व्हायरसनं सुमारे ४० लाख कॉम्प्युटरांचे डीएनएस बदलले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं ते सर्व्हर ताब्यात घेतले, पण लगेच बंद करता येईनात, कारण बंद केले तर त्या सगळ्या लोकांचं नेट थांबलं असतं. तात्पुरते चांगले सर्व्हर त्याच पत्त्यांवर चालवावे लागले आणि ९ जुलै २०१२ ला ते थांबवले. तोपर्यंतही अनेकांना आपण कुणाला पत्ता विचारतोय याची कल्पना नव्हती.

म्हणून मी काम झालं की एक कागद देतो. त्यावर राउटरचा पत्ता, पासवर्ड, डीएनएसच्या दोन्ही चौकटींतले आकडे, टॅलीच्या मशीनचा आणि प्रिंटरचा पत्ता, लाइनवाल्याचा ग्राहक क्रमांक, आणि शेवटी बदल कुणी कधी केला याची तारीख-सही. हा कागद राउटरवर चिकटवायचा नाही, तो मालकांच्या कपाटात, दाखल्यांच्या फाइलीसोबत. माझ्या धंद्यातले काही मित्र म्हणतात, सगळं लिहून दिलंस तर उद्या ते दुसऱ्याला बोलावतील. बोलावू देत. राउटर त्यांचा, लाइनचे पैसे ते भरतात. आपलं नेट कुठं पत्ता विचारतं हे ऑफिसच्या मालकाला कपाट उघडून वाचता आलं पाहिजे, आणि मी नसताना येणाऱ्या माणसाला अंधारात चाचपडायला लागू नये. पासवर्ड स्वतःजवळ दडवून गिऱ्हाईक बांधून ठेवणं मला पटत नाही.

त्या कागदात आता एक ओळ वाढवायची आहे. नवीन लाइनींवर आयपीव्ही-सिक्स, म्हणजे नव्या पद्धतीचे लांब पत्ते, येतात, आणि त्यांच्यासाठीचा डीएनएस राउटर वेगळा देतो. जुन्या चौकटींत ९.९.९.९ लिहून आपण निश्चिंत असतो आणि कॉम्प्युटर मात्र दुसऱ्याच वाटेनं कंपनीच्या रिझॉल्व्हरला विचारत असतो. मोबाइलमध्येही अँड्रॉइड ९ पासून स्वतःचा 'प्रायव्हेट डीएनएस' लिहिता येतो, ब्राउझरमध्ये वेगळीच सोय, आणि हे दोघे राउटरचं ऐकतीलच असं नाही. अण्णांच्या ऑफिसात नवी लाइन आली आहे. रविवारी ऑफिस बंद असतं, तेव्हा ताई चावी घेऊन येणार आहेत. आयपीव्ही-सिक्सच्या दोन चौकटी त्याच भरतील, मी शेजारी बसेन.